रिकाम्या लिफाफ्यातला तांदूळ

१

लिफाफा रिकामा होता.

मी तो टेबलावर उलटा केला, झटकला. तांदळाचा एक दाणा पडला. बाकी काही नाही.

समोर पूनम उभी होती. तिच्या बाजूला तिचे वडील कडूबा, पहाटेच्या एसटीनं साखरखेर्ड्याहून आलेले. पायाशी दोन बॅगा, एक बादली, गुंडाळलेली गादी. तीन वर्षं ही पोर आमच्या वरच्या खोलीत राहिली, मलकापूरच्या कॉलेजात शिकली. आता नागपूरला एका लॅबमध्ये तिला काम लागलं होतं. साडेतीनची गाडी होती.

लिफाफ्यावर माझ्या बायकोच्या, वच्छलाच्या हातचं लिहिलेलं होतं. पूनम. डिपॉझिट ३०००. तिला चौथीपर्यंतच शाळा, त्यामुळे अक्षर मोठं आणि सावकाश.

कपाटातल्या डब्यात असे चार लिफाफे होते. उरलेले तीन मी उघडून पाहिले. प्रत्येकात पाचशेच्या सहा नोटा. वरच्या दोन खोल्यांत चार पोरी राहत होत्या, चौघींचे चार लिफाफे. तिघींचे पैसे जागेवर आणि जिला आज द्यायचे तिचेच नाहीत.

"काका, पुन्हा पाहा ना," पूनम म्हणाली.

पुन्हा पाहिलं. कपाटाच्या खणात हात घालून पाहिला. काही नाही.

कडूबांनी उघड्या कपाटाकडं पाहिलं. मग म्हणाले, "म्हंजे बाई गेली, अन् तिच्यासंगं पैसेबी गेले म्हणायचे?"

२

वच्छला जाऊन अडीच महिने झाले होते.

पोरींचं सगळं तीच बघायची. मी चाळीस वर्षं जिनिंगमध्ये काट्यावर होतो. कापसाची गाडी आली की वजन करायचं, एवढंच मला कळतं. घरात कोण किती भाडं देतं, हे मी तिला कधी विचारलंच नाही. तिनंही सांगितलं नाही.

ती गेल्यावर एप्रिलमध्ये मी पूनमला म्हणालो होतो, "तू जाणारच हायेस, तं शेवटच्या महिन्याचं भाडं नको देऊ. डिपॉझिटातून कापून घेऊ." सगळीकडं असंच करतात असं मी ऐकून होतो.

पोरगी मलाच समजवायला लागली. "नाही काका. काकूचा नियम नाही तो. भाडं म्हणजे राहिल्याचे पैसे, ते शेवटच्या महिन्यालेबी द्यायचे. डिपॉझिट म्हणजे अमानत. आम्ही खोली जशी घेतली तशी परत दिली की ते पूर्ण परत. काही मोडलं असलं तर तेवढंच कापायचं."

"अन् भाड्यातच धरून टाकलं तं काय बिघडते?"

"मग शेवटच्या दिवशी काकूपाशी काहीच उरत नाही. कोणी खिडकी फोडून, चावी घेऊन गेलं तर काकूनं काय करायचं? अन् आमचं म्हणाल, तर जाताना हातात एकदम रक्कम येते. ती पुढच्या ठिकाणी डिपॉझिट म्हणून भरता येते."

तिनं मे महिन्याचं भाडं एक तारखेला आणून दिलं. आज सकाळी आम्ही दोघांनी खोली पाहिली. नळ, पंखा, खिडक्यांच्या काचा, बल्ब, सगळं ठीक. तिनं चावी माझ्या हातात ठेवली. लाइटचे एकशे वीस रुपये झाले होते, तेही सुटे मोजून दिले. तिच्याकडचं सगळं चुकतं झालं होतं. माझ्याकडचं राहिलं होतं.

मी खिशातून तीन हजार काढले. पेन्शनचे होते. "हे घ्या. तुमची गाडी चुकायले नको."

कडूबांनी नोटांकडं पाहिलं. हात पुढं केला नाही. "घेईन भाऊ. पोरीला उद्या नागपूरच्या होस्टेलात भरायचेत, घ्यावेच लागतील. पण गावात आणखी दोन पोरी इथं यायच्या म्हणतेत. त्यांच्या बापांनी इचारलं तर मला सांगावं लागंल. दुसरे भेटले, पण पहिले कुठं गेले ते घरवाल्याला माहीत नाही."

"बाबा!" पूनम म्हणाली.

"खोटं बोलू का मग?"

माणूस वाईट नव्हता. खरं बोलत होता. मी खिशातले पैसे दिले असते तर पोरीचं काम झालं असतं, पण वच्छलानं पोरीची अमानत खाल्ली हे मीच कबूल केल्यासारखं झालं असतं.

आणि खरं सांगायचं तर माझ्या मनातही तेच आलं होतं. शेवटच्या चार महिन्यांत तिचं दुखणं तिनं माझ्यापासून लपवलं होतं. औषधाला पैसे कमी पडले असतील. माझ्याकडं मागायला नको म्हणून तिनं डब्यात हात घातला असेल का?

"मले तीन वाजेपर्यंत टाइम द्या," मी म्हणालो. "तवर नाही सापडले तं हे पैसे घ्या, अन् गावात जे सांगायचं ते सांगा."

घड्याळात दहा वाजून गेले होते. मी लिफाफा उचलला आणि तेव्हा मला त्याच्या आतल्या बाजूला एक डाग दिसला. पिवळा. बोटाचा ठसा होता तो. हळदीचा.

३

कपाट स्वयंपाकघरात. त्याची किल्ली वच्छलाच्या कमरेला असायची. ती गेल्यापासून माझ्या करदोट्याला आहे, आंघोळीलाही सुटत नाही. कपाटाचं कुलूप धड. म्हणजे पैसे गेले ते ती असतानाच, फाल्गुनात ती जाण्याच्या आधी.

त्या दिवसांत किल्ली कोणाच्या हाताला लागू शकत होती? करिष्मा, पूनमची खोलीतली जोडीदारीण. गोविंदा, माझा भाचा, जो मामीला दवाखान्यात न्यायचा. आणि बेबीताई, जी आमच्या स्वयंपाकघरात पोरींचे डबे करते. दुसऱ्या खोलीतल्या दोघी स्वयंपाकघरात कधी यायच्या नाहीत.

करिष्माला आधी बोलावलं. दुसऱ्या वर्षाची पोर, नांदुऱ्याकडची. सुट्टी लागली तरी पूनमला पोचवायला म्हणून थांबली होती. ती आली तीच रडायच्या बेतात.

"काका, मी किल्ली घेतली होती. दोनदा."

"काऊन?"

ती पूनमकडं पाहायला लागली. पूनम म्हणाली, "सांग ना बे. जेलात नाही टाकत काका."

"लोणच्यासाठी," करिष्मा म्हणाली.

"कायच्या?"

"कैरीच्या. काकू बरणी कपाटात ठेवत. त्या झोपल्या की मी हळूच... दोनदाच, काका. तिसऱ्यांदा काकूनं पकडलं, अन् म्हणल्या, चोरून कायले खाते, मागून खाय. मग वाटीभर दिलं."

मला हसू आलं. त्या बरणीतलं लोणचं भराभर संपायचं आणि वच्छला माझ्यावर आळ घ्यायची.

"डब्याले हात लावला होता?"

"आईशप्पथ नाही. माहे स्वतःचे पैसे आहेत त्यात."

"काकूनं तुले कधी पैशाचं काही सांगतलं?"

तिनं आठवलं. "नाही. माघात एकदा शंभर रुपये देऊन बाजारात पाठवलं होतं. एक खण आणायले. हिरवाच पाहिजे म्हणल्या. साठचा आला, चाळीस परत दिले."

"एकच?"

"हो, एकच. मी म्हणलं माह्यासाठी आणू का, तं म्हणल्या, तुले येळ हाय अजून."

बायकांचा खण म्हणजे ब्लाउजचं कापड. त्याचा पैशाशी काय संबंध, असं म्हणून मी ते तिथंच सोडलं. तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली. गोविंदा होता. त्याच्या हातात नवा कोरा मोबाइल होता.

४

"मामा, फोन काऊन उचलत नाही? केव्हाचा लावून राह्यलो."

"हा फोन केव्हा घेतला?"

"मागच्या महिन्यात. हप्त्यानं. का बरं?"

गोविंदाचं हायवेवर पंक्चरचं दुकान आहे. मनानं सरळ, तोंडानं फाटका. मी लिफाफा त्याच्यासमोर ठेवला आणि काय झालं ते सांगितलं. त्याचा चेहरा उतरला.

"मामा, तुमाले माह्यावर शक हाय?"

"शक सगळ्यावर हाय. माह्यावरबी हाय. तुले मामीनं कधी पैसे देले होते?"

त्यानं मोबाइल खिशात घातला. मग म्हणाला, "देले होते. डिसेंबरात. दवाखान्यात तपासण्या सांगतल्या होत्या, त्याचे. दोन हजार. म्हणाली, मामाले सांगू नको, तो रात्रभर जागते."

कडूबा ओट्यावर बसून ऐकत होते. त्यांनी नुसती मान हलवली.

"कुठून आनले, इचारलं नाही तू?"

"नाही मामा. हातरुमालात बांधून आनले होते. पाचशेच्या नोटा होत्या."

पाचशेच्या नोटा. डब्यातही तशाच होत्या. गोविंदा जाऊन गाडीवर बसला, पण गाडी सुरू करेना. जाताना एवढंच म्हणाला, "मामा, मामी चोर नव्हती हो."

तो "नव्हती" म्हणाला, पण त्याचाही आवाज पक्का नव्हता.

५

बेबीताई अकरा वाजता डब्यांचं सामान घेऊन आली. तिची बोटं कायम पिवळी असतात. दिवसाला तीस डब्यांची भाजी फोडणीला टाकणाऱ्या बाईची असणारच. मी लिफाफ्यातला डाग पाहिला, तिची बोटं पाहिली. तिनं मला पाहताना पाहिलं.

पिशवी खाली ठेवून ती म्हणाली, "इचारा भाऊ."

"बेबीताई, मले इचारायले लाज वाटून राह्यली."

"मंग लाजत इचारा. पन इचारा. न इचारता मनात ठेवलं तं तुमच्या घरचं पानी नाही पिनार मी."

मी विचारलं. ती रागावली नाही. जवळच्या पाटावर बसली.

"डब्याले मी हात लावला नाही. पन त्या दोन हजाराचं मले माहीत हाय. ते आमच्या भिशीचे. आम्ही दहा बाया, महिन्याले दोनशे. डिसेंबरात वच्छलाताईचा नंबर लागला. पैसे माह्याच हातानं देले, तिच्याच हातरुमालात. भिशीतल्या कोन्याबी बाईले इचारा."

मी विचारलं नाही. गरज नव्हती. छातीवरचं ओझं निम्मं उतरलं. दोन हजारांचा हिशोब लागला, पण तीन हजारांचं काय?

ती कणीक मळायला बसली आणि मी ओट्यावर येऊन कडूबांजवळ बसलो.

काट्यावर आम्ही गाडी आधी भरलेली तोलतो. कापूस उतरला की रिकामी तोलतो. नवा माणूस नेहमी कापसाकडं बघतो. जुना माणूस रिकाम्या गाडीकडं बघतो, कारण खरं वजन तिच्याशिवाय निघत नाही. सकाळपासून आम्ही सगळे काय गेलं ते बघत होतो. काय राहिलं ते कोणी पाहिलंच नव्हतं.

राहिले होते तीन लिफाफे.

"कडूबाभाऊ," मी म्हणालो, "समजा तुमी चोर. डब्यात चार लिफाफे. एक पोरगी चार महिन्यांनी जानार, तिघी अजून वरीस-दोन वरीस राहनार. कोनाचा लिफाफा चोरान?"

कडूबा म्हणाले, "राहणारीचा. जाणारीचा चोरला तर लगेच बोंब होईल."

"अन् समजा तुमी चोर नाही. औषधाले पैसे पाहिजेत, सवडीनं परत ठेवू म्हनून काढता. मंग?"

"तरीबी राहणारीचाच. परत ठेवायला येळ भेटतो."

"मंग जानारीचाच कोन काढंल?"

मीच बोललो. "जिले ते पैसे जानारीलेच द्यायचे हायेत, तिच काढंल. आधीपासून तयार करून ठेवाले."

पूनम दारात येऊन उभी राहिली होती. मी तिला म्हणालो, "तुह्या आधी या खोलीतून कोन गेली?"

"मयुरीताई. आता अकोल्याला दवाखान्यात आहे."

"लाव फोन."

मयुरीला वच्छला गेल्याचं माहीत होतं. फोनवर आधी ती रडली. मग मी विचारलं, "काकूनं तुले डिपॉझिट कसं देलं होतं? लिफाफ्यातून?"

"नाही काका. निघायच्या दिवशी काकूनं पाटावर बसवून ओटी भरली माझी. म्हणाली, तीन वर्षं राहिली ती भाडेकरू नाही, लेक. घरी गेल्यावर खण उकलला, तर आत हळद लावलेले तांदूळ अन् डिपॉझिटच्या नोटा. खण दोऱ्यानं टाचलेला होता, रस्त्यात सुटू नये म्हणून. माझ्या आधीच्या पोरीलाही तसंच दिलं होतं म्हणे."

मी फोन ठेवला. करिष्मा आतून ओरडली, "काका! हिरवा खण!"

हळदीचं बोट, तांदळाचा दाणा, माघातला एकच खण. आपण वैशाखापर्यंत राहत नाही, हे तिला कळलं असणार. म्हणून जाणाऱ्या पोरीची ओटी तिनं तीन महिने आधी बांधून ठेवली.

मी धावत माजघरात गेलो, तिची पातळांची पेटी उघडली. पेटीत तळाला अंथरलेल्या जुन्या वर्तमानपत्राशिवाय काही नव्हतं. मग मला आठवलं. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी ती पातळं मला बघवत नव्हती. एकही घडी न उलगडता मी सगळं वाटून टाकलं होतं.

चोर सापडला होता. तो मीच होतो.

६

पेटीत सगळ्यांत वर एक मोरपंखी पातळ होतं आणि त्याच्यावर एक खण. ती जोडी कोणाला दिली, एवढं मला पक्कं आठवत होतं, कारण तेरवीचा सगळा स्वयंपाक तिनं एकटीनं केला होता आणि पैसे घेतले नव्हते.

मी स्वयंपाकघरात गेलो. बेबीताईचे हात कणकेत होते.

"बेबीताई, तेरवीले तुमाले पातळ देलं होतं मी. त्याच्यावरचा खण कुठं हाय?"

"घरी हाय."

"शिवला?"

"नाही."

"कोनाले देला?"

तिनं हात धुतले. "चाला," म्हणाली.

मला भीती एकच होती. आमच्या बायकांत खण शिवत कोणी नाही. एकीच्या ओटीतला दुसरीच्या ओटीत, तिचा तिसरीच्या. शेजारच्या वडनेर भोलजीहून निघालेला खण वर्षभरात जिल्हा फिरून पुन्हा वडनेरला येतो. अडीच महिन्यांत हा किती घरं फिरला असता कोण जाणे.

बेबीताईचं घर दोन गल्ल्या सोडून आहे. मी, कडूबा, पूनम, करिष्मा, सगळेच गेलो. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, खाली लोखंडी कपाट. तिनं मोरपंखी पातळ काढलं. तेही नेसलेलं नव्हतं. त्याच्या पोटात हिरवा खण होता, चौकोनी घडी, चारी बाजूंनी पांढऱ्या दोऱ्याचे टाके.

"आमच्यात ओटी नाही भरत कोनी आता," बेबीताई म्हणाली. "म्हनून कोनाले द्याचा प्रश्नच नव्हता. अन् शिवाले टाकाचा तं घडी मोडा लागते. ही घडी वच्छलाताईच्या हातची होती, भाऊ. मले मोडू नाही वाटली."

तिनं तो माझ्या हातात दिला. वजनाचा माणूस मी. कापडापेक्षा जड होता ते हातात घेताच कळलं.

"हा पूनमचा हाय," मी म्हणालो. "पन घडी तिनंच मोडली पाह्यजे. अन् ओटी भराले बाई नाही घरात."

"मी भरत नाही, पन हातानं द्याले तं येते ना मले," बेबीताई म्हणाली. "बस पोरी."

"नाही," पूनम म्हणाली. "काका, तुम्हीच द्या."

ओटी भरणं पुरुषाचं काम नाही. आमच्या घरात कोणी ऐकलं असतं तर हसले असते. पूनमनं ओढणी पुढं धरली. मी खण तिच्या ओढणीत ठेवला. काय म्हणायचं असतं ते मला येत नव्हतं, म्हणून म्हणालो, "नीट राह्य."

बेबीताईनं कात्री दिली. पूनमनं एकेक टाका कापला, दोरा जपून बाजूला ठेवला. हळदीचे तांदूळ निघाले, वाळून सांडगे झालेले. पाचशेच्या सहा नोटा. आणि एक रुपयाचं नाणं.

"हा रुपया कशाचा?" कडूबांनी विचारलं. "डिपॉझिट तर बरोबर तीन हजार."

"तो तिचा स्वतःचा," मी म्हणालो. "दुसऱ्याचे दुसऱ्याले परत देले. पन लेकीले आपल्याकडचं काहीतरी द्या लागते."

बेबीताईनं पदर डोळ्यांना लावला. करिष्मा उघडच रडत होती. कडूबांनी नाणं उचललं, पाहिलं आणि पुन्हा पोरीच्या ओढणीत ठेवलं.

तीनच्या सुमाराला आम्ही स्टेशनवर होतो. गोविंदानं गादी डोक्यावर घेतली होती आणि तो एका माणसाशी जागेवरून भांडत होता. कडूबा माझ्याजवळ आले.

"भाऊ, सकाळी मी एक बोललो होतो."

"खरं बोलले होते तुमी."

"हां. गावात इचारलं तर सांगावं लागंल म्हणलो होतो." त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "आता लई सांगावं लागंल."

गाडी हलली. पूनम खिडकीतून काहीतरी ओरडत होती. भोंग्यात मला ऐकू आलं नाही. करिष्मा म्हणाली, लोणचं संपवू नका असं म्हणत होती.

परत येताना मी बाजारात कापडाच्या दुकानात शिरलो. खण दाखवा म्हणालो. दुकानदार माझ्याकडं पाहतच राहिला.

"कोनासाठी काका?"

"लेकीसाठी. जायले वरीस हाय अजून."

हिरवा घेतला. घरी आणून कपाटात ठेवला, करिष्माच्या लिफाफ्याखाली. घडी कशी घालायची ते मला येत नाही. बेबीताई शिकवते म्हणाली आहे.